उजवीकडची गादी

आबांच्या शेडमध्ये कुठलीही वस्तू जायची असली, की आधी तिचं वजन व्हायचं. शेडच्या दारालाच त्यांनी किराणा दुकानात असतो तसा पितळी पारड्यांचा तराजू टांगून ठेवला होता. स्क्रू असो, दोऱ्याचं रीळ असो, कापडाचा तुकडा असो, सगळ्यांना आधी पारड्यात बसावं लागे. पहिल्यांदा मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले तर त्यांनी माझ्या हातातून कप घेतला आणि सवयीने पारड्यातच ठेवला. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. "अहो आबा, चहा काही विमानात राहणार नाही, तुमच्या पोटात जाणार आहे," मी म्हटलं. "आणि मी कुठे बसणार आहे, मास्तरीणबाई? विमानातच ना?" ते म्हणाले. कपाळ माझं! मी पारड्यातला कप उचलून त्यांच्या हातात दिला.

हो, विमानच. खेळण्यातलं नाही, देखाव्यातलं नाही, दोन माणसं शेजारीशेजारी बसतील असं खरंखुरं विमान. धुळ्यात देवपुरातल्या एका साध्या गल्लीत, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हा माणूस ते एकट्याने बांधत होता. सत्त्याऐंशी साली माझी धुळ्याच्या शाळेत बदली झाली आणि मी त्यांच्या घराची माडी भाड्याने घेतली, तेव्हा घर दाखवणाऱ्याने हे मला सांगितलंच नव्हतं. नळाला पाणी किती वेळ येतं ते सांगितलं, समोरच्या घरातलं कुत्रं चावत नाही हे सांगितलं, आणि मागे विमान आहे हे मात्र विसरला. पहिल्या सकाळी मागची खिडकी उघडली तर खाली शेडच्या उघड्या दारातून एक पंखा माझ्याकडे बघत होता. गल्लीत त्यांना पायलटआबा म्हणत. थट्टेनेच म्हणत, पण त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही.

सगळा जन्म त्यांनी जळगावकडच्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर म्हणून काढला होता. कापसातून सरकी वेगळी करायची यंत्रं दुरुस्त करण्यात हात तयार झाले. कधीतरी रद्दीच्या दुकानात त्यांना एक इंग्रजी मासिक सापडलं, त्यात घरी विमान कसं बांधावं याचे नकाशे होते. झालं, खूळ डोक्यात शिरलं. निवृत्त होऊन धुळ्याच्या घरी आल्यावर त्यांनी देवदाराच्या पट्ट्यांचा सांगाडा केला, त्यावर प्लायवूड आणि कापड चढवलं, कापडाला रंग देऊन ते ढोलासारखं ताणलं, आणि एका भंगारातल्या मोटारीचं इंजिन उघडून पुन्हा असं बसवलं की ते पहिल्यापेक्षा गोड चाले. हे सगळं मी यायच्या आधीच होऊन गेलेलं. मी आले तेव्हा फक्त आतलं काम राहिलं होतं. बैठक, बाजूचं अस्तर, तळाची चटई, खिसे-कड्या, असलं बारीकसारीक. "आते थोडंच राह्यनं," आबा म्हणत. आता थोडंच राहिलंय. माझ्याशी ते शाळेतल्यासारखं जपून मराठी बोलत, पण विमानाचा विषय निघाला की आपसूक अहिराणीवर येत.

"आते थोडंच राह्यनं" हे वाक्य मी पाच वर्षं ऐकलं.

गंमत म्हणजे ते विमान एकदा उडालेलं होतं. आबांचे भाऊ शिंदखेड्याकडे शेती करतात. त्यांच्या शेतात ज्वारी कापून झाल्यावर रान मोकळं होतं, तिथे आबांनी बैलगाडीवरून विमान नेलं, पंख जोडले आणि बसायला आडवी फळी ठोकून ते एकटेच निघाले. रानाच्या पार टोकाला चाकं जमिनीवरून उचलली गेली. हातभर उंच गेलं म्हणत ते, आणि थोडा वेळ गेलं, आणि मग धाडकन खाली आलं. भाऊ तेव्हा विहिरीवर होते, गडी जेवायला गेलेले. बांधावर फक्त एक म्हैस बांधलेली. आबा पळत भावाच्या घरी आले आणि तिथे सोबत आलेल्या बायकोला सांगितलं. अक्का म्हणाल्या, "म्हशीनी देखं, मी नही." म्हशीने पाहिलं, मी नाही. मग आबांनी गळ घातली की चल, उद्या तू शेजारी बस आणि स्वतःच बघ. अक्का म्हणाल्या, "फळीवर मी बसनार नही. नीट बसायला जागा करा, मंग येसू."

एवढ्या एका वाक्यासाठी हे आतलं काम निघालं होतं. बायको नीट जागा कर म्हणाली, म्हणून नवरा जागा करत होता. आता यात काही अवघड आहे का? चार दिवसांचं काम. पण त्याच सुमारास सुरतेला मुलाकडे बाळंतपण आलं आणि अक्का तिकडे गेल्या. महिन्या-दोन महिन्यांसाठी म्हणून गेल्या. पुढे सुनेची नोकरी, मग दुसरं बाळंतपण, मग नातवंडांची शाळा. अक्का तिकडेच राहिल्या. आबांना मुलगा बोलवायचा, पण सुरतेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत विमान कुठे ठेवणार? आणि विमान सोडून आबा कसे जाणार? त्यामुळे अक्का सुरतेला, आबा धुळ्यात, आणि मध्ये ती उजवीकडची रिकामी जागा.

मी अक्कांना पाहिलेलं नव्हतं. माझी त्यांच्याशी ओळख झाली ती सरकीच्या पोत्यावरून. अक्का बसल्यावर विमानाचा एकूण भार किती होतो ते आधीच कळायला हवं, असं आबांचं म्हणणं. म्हणून उजवीकडच्या बैठकीवर त्यांनी अक्कांच्या वजनाचं सरकीचं पोतं बसवून ठेवलं होतं. ते कमरेला पट्ट्याने बांधलेलं. वर अक्कांचं एक जुनं लुगडं पांघरलेलं, का तर म्हणे सरकीची धूळ उडते. पहिल्यांदा आत डोकावले तेव्हा माझ्या तोंडून किंकाळीच निघाली! मला वाटलं, म्हातारी पदर तोंडावर घेऊन झोपली आहे. पोतं चांगलं गुबगुबीत होतं. अक्का खात्यापित्या घरच्या, अंगाने भरलेल्या, असं आबा कौतुकाने सांगत. "बैठक तिच्या मापाने केली आहे. आपल्याला पुरून उरेल एवढी," ते म्हणत. आणि काम करता करता पोत्याशी बोलत. मी माडीवर वह्या तपासत असताना खालून ऐकू यायचं, "जरासं सरक वं, पट्टा अटकना शे." मग टकटक, मग पुन्हा, "बस, आते बस." पहिल्यांदा मला हसू आलं. मग एका रविवारी, माझे यजमान जळगावहून यायचे होते ते आले नाहीत, आणि मी एकटीच जेवायला बसले होते, तेव्हा तेच ऐकून मी ताट सारून उठले.

माझंही तसंच होतं ना. नवरा जळगावला, मी धुळ्यात. शनिवारच्या बसने येणार म्हणायचे आणि दर दोन शनिवारांनी काहीतरी निघायचं. शेजारणी विचारायच्या, साहेब आले नाहीत का? मी म्हणायची, ऑफिसात काम निघालं. खालच्या आबांना कोणी विचारलं, अक्का कधी येणार, तर ते म्हणायचे, काम झालं की. आम्हा दोघांकडेही काम हा शब्द फार उपयोगाचा होता.

शिवणकाम मला बरं येतं हे आबांना कळलं आणि माझा रविवार संपला. बाजूचं अस्तर मी शिवावं असं ठरलं. मांजरपाट कापड, त्याला अक्कांना आवडतो म्हणून फिकट आंबा रंग दिलेला. मी दोन रविवार खपून, कडा दुहेरी दुमडून, शिलाईवर शिलाई मारून असं सुरेख अस्तर शिवलं की बाजारातल्या शिंप्याने तोंडात बोट घालावं. ते घेऊन मी मोठ्या रुबाबात खाली गेले. आबांनी ते पारड्यात टाकलं, दुसऱ्या पारड्यात बारकी वजनं टाकली, काढली, पुन्हा टाकली. मग म्हणाले, "छान झालंय. दुहेरी शिलाई तेवढी उसवा." माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! "आबा, उसवलेल्या दोऱ्याचं वजन ते किती असणार?" "मास्तरीणबाई, एवढं एवढं म्हणत म्हणतच विमान जमिनीला चिकटतं," ते म्हणाले. उसवलं मी. शिव्या देत देत उसवलं. तो उसवलेला दोराही त्यांनी तोलून ठेवला.

आणि हेच आबा बैठकीच्या बाबतीत कसे वागले ते ऐका. कोणीही शहाणा माणूस स्पंज घालेल. हलका असतो, पावसात भिजला तर वाळतो. आबांनी स्पंज आणलाही होता. तेवढ्यात गादीवाले रहीमचाचा आले. हे गल्लीचे पिंजारी, दिवाळी झाली की पिंजण खांद्यावर टाकून घरोघर गाद्या पिंजत फिरायचे. त्यांनी स्पंज दाबून पाहिला आणि म्हणाले, "आबा, आपल्याकडचा उन्हाळा माहीत आहे ना? यावर बहेनजी बसल्या तर घामाने चिंब होतील. कापूस भरा. कापसाच्या गावातला माणूस, घरधनिणीला स्पंजवर बसवतो?" झालं! आबांनी स्पंज बाजूला फेकला आणि वरच्या प्रतीचा, लांब धाग्याचा कापूस आणून चाचांकडून गादी भरून घेतली. ती तोलली तेव्हा आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण गादीला त्यांनी एका शब्दाने जड म्हटलं नाही. कापूस बसतो, घट्ट होतो, म्हणून दर वर्षी दिवाळीनंतर चाचा येत आणि ती गादी उसवून, पिंजून, पुन्हा भरून देत. माणूस कोणी बसलं नव्हतं तिच्यावर. फक्त पोतं बसलेलं होतं. चाचा तरीही दर वर्षी तितक्याच मन लावून पिंजत आणि जाताना म्हणत, "या साली येतील बहेनजी, बघा तुम्ही."

उजवीकडे अशी एकेक वस्तू वाढत गेली. उन्हाची तिरीप डोळ्यावर येऊ नये म्हणून खिडकीला पडदा आला. पानाच्या डब्यासाठी खिसा आला. चढताना गुडघे दुखतात म्हणून धरायला कडी, पाय ठेवायला पाट. आणि मग वजन वाढलं म्हणून आबा डावीकडचं, स्वतःच्या बाजूचं, कमी करत. पडदा आला तेव्हा त्यांनी आपल्या बाजूचं अस्तर काढून टाकलं. कडी आली तेव्हा आपल्या पायाखालच्या फळीला मोठमोठी भोकं पाडली. स्वतःची बैठक तर शेवटपर्यंत तीच शेतातली आडवी फळी. विमानात डोकावलं की उजवीकडे माहेर आणि डावीकडे कारखाना दिसे. इतकंच करून थांबले असते तर मी काही बोलले नसते. पण पाट बसवला त्या महिन्यापासून त्यांनी संध्याकाळची भाकरी सोडली. का, तर म्हणे आपलंच वजन थोडं उतरलेलं बरं. मी वांग्याचं भरीत घेऊन खाली गेले तर ताट झाकून ठेवतात! मी भडकले. म्हटलं, "आबा, अक्का बसायला येतील तेव्हा शेजारी सापळा बसलेला दिसला तर उतरून पळत सुटतील." हसले, आणि भरीत चाटूनपुसून खाल्लं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भाकरी बंद.

एव्हाना मला एक गोष्ट कळून चुकली होती. माझ्या जिभेला हाड नाही, मी ती बोलूनही दाखवली. आबा पानाच्या खिशाचं बटण तिसऱ्यांदा बदलत होते. मी दारात उभी राहून म्हटलं, "आबा, खरं सांगू का? हे काम तुम्हाला संपवायचंच नाही. संपलं तर अक्कांना ये म्हणावं लागेल. आणि ये म्हटलं आणि त्या नाही आल्या तर?" त्यांनी बटण खाली ठेवलं. बराच वेळ पोत्यावरचं लुगडं सारखं करत राहिले. "तिकडे तिचं भरलं घर आहे," ते म्हणाले. "नातवंडं आहेत. इथे काय आहे? मी आणि हे लाकूड. काम राहिलं आहे तोवर ती यायची आहे, मास्तरीणबाई. एवढं तरी राहू द्या." मी वर जाऊन भिंतीला टेकून बसले आणि रडले. त्यांच्यासाठी रडले की स्वतःसाठी, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या हिवाळ्यात नणंदेच्या मुलीच्या लग्नाला मला सुरतेला जावं लागलं. आबांकडून पत्ता मागून घेतला. म्हटलं भेटून येते, काही द्यायचं आहे का? त्यांनी शेंगदाण्याची चटणी दिली. ती देण्याआधी तराजूत ठेवली, हे सांगायला नकोच.

सुरतेला दार उघडलं ते एका काटकुळ्या बाईने. हातात तांदूळ पाखडायचं सूप, बांगड्या कोपरापर्यंत घसरलेल्या. मला वाटलं अक्कांची कोणी बहीण असावी. "अक्का आहेत का घरात?" मी विचारलं. ती बाई माझ्याकडे बघत राहिली. "मीच अक्का. तुम्ही माडीवरच्या बाई ना?" माझ्या डोळ्यांसमोर ते गुबगुबीत पोतं होतं, आणि हे समोर! शुगर निघाली होती, दोन वर्षांपासून. मुलगा-सून चांगली बघत होती, औषधं चालू होती, पण अंग उतरत चाललं ते चाललंच. आबांना कळवलं नव्हतं का? "कळवलं की," अक्का म्हणाल्या. "शुगर आहे म्हणून कळवलं. त्यांनी निरोप धाडला, चहात साखर घालू नको. ते तरी दुसरं काय सांगणार?" मग पदराने हात पुसत त्यांनी विचारलं, "विमान झालं का?"

"थोडंच राहिलंय म्हणतात," मी म्हटलं.

"मी निघाले तेव्हाही थोडंच राह्यलं होतं." अक्का हसल्या, पण ते हसू फार टिकलं नाही. "मी वाट बघते बाई, आज बोलावतील, उद्या बोलावतील. न बोलावता कशी जाऊ? काम अर्धं असताना मध्ये कोणी आलेलं त्यांना आवडत नाही. म्हटलं, माझ्यावाचून त्यांचं बरं चाललं असेल." त्या थोडं थांबल्या. "त्यांना सांगा, गादी-बिदी काही नको. फळी असली तरी बसते मी आता."

काय म्हणावं या दोघांना! कधी एकदा धुळ्याला पोचते आणि आबांना धरून हलवते असं मला झालं होतं. पोचल्या पोचल्या बॅग पायरीवर टाकून मी शेडमध्ये गेले आणि सगळं एका दमात सांगितलं. अक्का बोलावण्याची वाट बघत आहेत, बारीक झाल्या आहेत, फार बारीक झाल्या आहेत, आणि फळीवरही बसेन म्हणतात. बारीक झाल्या हे त्यांच्या कानात शिरलंच नाही. "ती कसली बारीक होते! लग्नातल्या पाटल्या तिला केव्हाच्याच घट्ट झाल्यात." पण फळीचं ऐकून ते पायरीवर खालीच बसले. "फळीवर बसते म्हणाली? ती?" असं दोनतीनदा विचारलं. मग उठले, पोत्याचा पट्टा सोडला, पोतं खांद्यावर घेऊन बाहेर आणून ठेवलं. लुगड्याची घडी घालून घरात नेलं. पाच वर्षं जे काम थोडंच राहिलं होतं ते आठवड्याच्या आत संपलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून सुरतेला फोन लावून आबांनी ओरडून ओरडून सांगितलं, "ये. जागा व्हयनी. बठ्ठं व्हई गयं." जागा झाली, सगळं झालं. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

अक्का आल्या, मुलगा पोचवायला आला होता. आबा बसस्टँडवर गेले होते आणि रिक्षातून तिघं उतरले. आबा रस्त्यात काय बोलले असतील ते माहीत नाही, पण उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पार पडलेला होता. अक्का मात्र मजेत होत्या. चहा न घेताच म्हणाल्या, "दाखवा काय केलं ते." गल्लीतल्या चौघांनी विमान ढकलून अंगणात आणलं. पंख काढून शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलेले होते, ते जोडले तर अंगण पुरलं नसतं. विमानाचं शेपूट दोरखंडाने लिंबाच्या खोडाला बांधलं, चाकांना विटा लावल्या. कडीला धरून, पाटावर पाय ठेवून अक्का आत चढल्या. पडदा सरकवून पाहिला. खिशात पानाचा डबा ठेवून पाहिला. अस्तरावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "शिलाई एकेरीच मारली का वं?" मी आबांकडे बघितलं. ते ऐकतच नव्हते.

ते अक्कांना पट्टा बांधत होते. पोत्याला तो ज्या भोकात बसे तिथे त्यांनी सवयीने लावला. पट्टा अक्कांच्या मांडीवर लोंबत राहिला. त्यांनी एक भोक पुढे घेतला, मग आणखी एक, मग शेवटचं भोक. तरी पट्टा आणि अक्का यांच्यामध्ये त्यांचा सगळा हात जात होता. गादी दोघी बसतील एवढी रुंद, आणि तिच्या मध्यावर त्या एवढ्याशा. कापूस दबलासुद्धा नव्हता. दोऱ्याचा तुकडा तोलणारा तो माणूस हातात पट्ट्याचं टोक धरून तसाच उभा राहिला.

"किती हलकी व्हई गई तू," ते म्हणाले.

"मंग चांगलंच ना," अक्का म्हणाल्या. "तुमचं विमान तरी उचली." त्या थट्टा करत होत्या. पण खरंच होतं ते. आबा ज्यासाठी भाकरी सोडत होते, फळीला भोकं पाडत होते, ते वजन इकडे आपोआप उतरत गेलं होतं. आबांनी घरातून ते जुनं लुगडं आणलं, घडी घालून अक्कांच्या पाठीशी दिलं, आणि पट्टा हातानेच गाठ मारून बांधला. मग पुढे जाऊन पंखा जोराने फिरवला. दोनदा नुसतंच फुसफुसलं. तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं आणि अंगणातला पाचोळा, वाळत घातलेले कपडे, आम्हा सगळ्यांचे पदर, सगळं एकदम उडालं. कोंबड्या पळाल्या. आबा घाईने चढून आपल्या फळीवर, अक्कांच्या शेजारी जाऊन बसले. अक्कांनी डोळे गच्च मिटून त्यांचा दंड दोन्ही हातांनी धरला होता. पंख काढलेले असल्यामुळे मी त्यांच्या अगदी बाजूला, दोन हातांच्या अंतरावर उभी होते, म्हणून एवढ्या आवाजातही मला ऐकू आलं.

"उडनं का वो?" अक्कांनी ओरडून विचारलं.

आबांनी समोर पाहिलं. समोर न्हाणीघराची भिंत होती. "उडनं," ते म्हणाले.

अक्कांनी डोळे काही लगेच उघडले नाहीत. तशाच थोडा वेळ बसल्या, हसत होत्या. मग डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाल्या, "मंग उतारा माले आते." आबांनी इंजिन बंद केलं. गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. रहीमचाचा फाटकात उभे होते, त्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले.

चारच दिवसांत आबा अक्कांना घेऊन सुरतेला निघाले, कायमचे. कोणाला समजूत घालावी लागली नाही, मुलाला गळ घालावी लागली नाही. शेडला कुलूप लावण्याआधी त्यांनी उजवीकडची गादी काढून काखेत घेतली. तिकडच्या खुर्च्या हाडांना लागतात, ते म्हणाले. दारातून बाहेर येताना डोक्याला तराजूचं पारडं लागलं आणि हलत राहिलं. मी सवयीने म्हटलं, "आबा, वजन?" त्यांनी पारडं हाताने थांबवलं आणि तसेच पुढे गेले.

पुढच्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी खालून कडी वाजली. आबा होते, एकटेच, काखेत गादी. अक्का दसऱ्याच्या आधीच गेल्या होत्या. शेवटपर्यंत गॅलरीत त्या गादीवर बसायच्या, ते म्हणाले. आमचं बोलणं चाललं होतं तेवढ्यात रहीमचाचा पिंजण घेऊन गल्लीत शिरले. वर्षाची त्यांची वेळच होती ती. त्यांनी आबांना बघितलं, पिंजण खाली ठेवून दोन्ही हात पुढे केले, "आणा आबा, पिंजून देतो." आबांनी गादी पुढे केली आणि मलाही दिसली. मध्यावर, जरासा डावीकडे, आबांच्या बाजूला, एक खळगा पडला होता. फार लहान होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या कापसावर माणूस बसलेलं होतं. चाचांचा हात शिलाईला लागणार तोच आबांनी गादी मागे ओढली.

"राहू द्या चाचा," ते म्हणाले. "या साली नको."

त्यांनी शेडचं कुलूप काढलं, विमानात चढून गादी जागेवर ठेवली, खळगा वर राहील अशी, आणि आपल्या फळीवर जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले. दारात थांबले, पण कप घ्यायला कोणी पुढे आलं नाही, म्हणून तशीच आत गेले. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आबा, आता काय राहिलं?"

त्यांनी कप घेतला. उजवीकडे पाहिलं.

"काही नही, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "बठ्ठं व्हई गयं."